किल्ला, धुक्यासकट

गाइड अर्ची लीपरला ठेवायचे की त्याच्या जागी कानात घालायची, माहिती सांगणारी यंत्रे आणायची, याचा निकाल सोमवारी दुपारपर्यंत लागणार होता. निकाल देणार होती रोना मॅकफेल. ती पर्यटन कंपनीची नवी व्यवस्थापक, वयाने अर्चीच्या मुलीएवढी आणि गावाने ग्लासगोची. अर्चीसारख्या अबर्डीनच्या माणसाच्या मते यातली वयाची गोष्ट एक वेळ माफ करण्यासारखी होती.

"मिस्टर लीपर, मनात काही ठेवू नका," ती बसच्या पायरीवर उभी राहून म्हणाली. "पण यंत्र आजारी पडत नाही, रजा मागत नाही आणि विषय सोडून बोलत नाही."

"मी कधी विषय सोडला?"

"परवा युनियन स्ट्रीटवर तुम्ही पाहुण्यांना तुमच्या मेहुण्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंत."

"तो तिथेच घसरला होता ना! ग्रॅनाइट ओला झाला की कसा होतो, हे कळायला नको पाहुण्यांना? आता त्याचा डावा गुडघा—"

"बघा," रोना म्हणाली.

ती मागच्या बाकावर बसणार होती. एका कानात नमुन्याचे यंत्र, दुसरा कान अर्चीसाठी मोकळा. ज्या कानाला जास्त बरे वाटेल, त्याच्या बाजूने निकाल.

"घाबरू नकोस रे," ड्रायव्हर हेक्टर बुकन हळूच म्हणाला. "दोनातला एक कान तर आपलाच आहे. निवडणुकीत एवढी मतं कुणाला पडतात?"

बाहेर समुद्रावरून धुके आले होते. सकाळी लख्ख ऊन होते, मग बंदर गेले, जहाजे गेली, दीपगृह गेले, आणि सीगल पक्ष्यांची नुसती भांडणे शिल्लक राहिली. रोनाने काचेतून पाहिले. काच दिसली.

"आजचा दौरा पुढे ढकलायचा का?"

अर्ची आणि हेक्टर यांनी एकमेकांकडे पाहिले.

"धुक्यासाठी?" अर्ची म्हणाला. "बाई, धुक्यासाठी थांबलो असतो तर आमच्या गावात कुणाची लग्नंच झाली नसती. डनहेरिकचा किल्ला मी डोळे मिटून दाखवतो."

"आणि मी डोळे मिटून नेतो," हेक्टर म्हणाला.

दोघांनीही शब्द पाळला.

*यंत्र म्हणते: बस आता मुख्य रस्ता सोडून डावीकडे वळेल. समोर पाहा. डनहेरिक!*

बस डावीकडे वळली, यात वाद नाही. चर्चची भिंत संपली की दुसरे वळण, हा हेक्टरचा हिशेब. पाट्या वाचणे त्याला पाहुण्यांचे काम वाटे. पण त्या पंचक्रोशीतल्या क्रुकशँक नावाच्या शेतकऱ्याने नुकताच नवा ट्रॅक्टर घेतला होता. ट्रॅक्टर जुन्या फाटकातून जाईना, म्हणून त्याने रस्त्याकडेच्या भिंतीला एक नवे खिंडार पाडले होते. हे हेक्टरला कळवायचे त्याला काही कारण नव्हते. म्हणजे आता वळणे तीन झाली होती आणि हेक्टर दुसऱ्यालाच वळला.

बस थांबली ती क्रुकशँकांच्या गोठ्यामागे. किल्ला तिथून दोन मैलांवर समुद्राकडे आपल्या जागी वाट पाहत होता.

"या मंडळी, हात धरून उतरा," अर्ची म्हणाला.

पाहुणे फार नव्हते. पुढे होते मिस्टर हॅलिवेल, लीड्सचे निवृत्त दंतवैद्य. त्यांच्या मागे वेल्सच्या दोघी प्रोबर्ट बहिणी. थोरलीला काही पटत नसे आणि धाकटीला सगळेच पटे. आणखी पाचसहा जण होते, पण धुक्यात त्यांच्या फक्त टोप्या दिसत होत्या. शेवटी रोना, एका कानात तार घालून.

धुक्याच्या दिवशी पाहुण्यांना किल्ल्याच्या पायऱ्यांवर नेत नाहीत. दरीच्या अलीकडे एक भिंत आहे, तिथे उभे करून पलीकडचा किल्ला सांगतात. अर्ची सवयीने चालत गेला आणि सवयीने हात पुढे केला. भिंत लागली. जरा उंच लागली, पण धुक्यात सगळेच वाढते.

"हीच ती भिंत," तो म्हणाला. "हिच्यापलीकडे खोल दरी, दरीपलीकडे कडा, कड्यावर डनहेरिक. बावीस वर्षं मी हा किल्ला दाखवतोय आणि अजून माझं मन भरलेलं नाही."

"आमचं तर सुरूच झालेलं नाही," थोरली प्रोबर्ट म्हणाली. "काही दिसत नाही हो."

"दिसेल. आधी ऐका. लाटा!"

सगळ्यांनी कान दिले. महामार्गावरून एक मालमोटार चढावर येत होती. घूं घूं करत ती जवळ आली, मग दूर गेली.

"ही लाट मध्येच गिअर बदलते," थोरली म्हणाली.

"खडकांमुळे, बाई. कड्याच्या पोटात गुहा आहेत. पाणी आत शिरतं, वळतं, मग बाहेर पडताना असा आवाज करतं."

"किती सुंदर," धाकटी म्हणाली.

हॅलिवेल भिंतीपाशी गेले होते. आयुष्यभराच्या सवयीने त्यांनी खिशातून पेन काढले आणि भिंतीवर टकटक केले. "मजबूत आहे. इतका घट्ट चुना मी कुठे पाहिला नाही. आणि हे काय कोरलंय? डी. सी., आय. एस. आणि मध्ये बदाम."

ही अक्षरे अर्चीने बावीस वर्षांत पाहिली नव्हती. पण पाहुण्याने विचारावे आणि आपण गप्प बसावे, हे त्याच्या रक्तात नव्हते.

"कैदी होता एक. डंकन... कॅमेरॉन. आणि त्याची इझाबेल. फाशीच्या आदल्या दिवशी कोरलं त्याने."

"कशाने?"

"चमच्याने."

धाकटी प्रोबर्टने रुमाल काढला.

*यंत्र म्हणते: खोल श्वास घ्या. खाऱ्या वाऱ्याचा आणि रानफुलांचा गंध येतो आहे ना?*

गंध येत होता. आंबूस, गोडसर, थेट घशात जाऊन बसणारा. पाहुण्यांच्या टोप्या जरा मागे सरकल्या. रोना अर्चीच्या जवळ आली.

"हा वास नवा आहे का, मिस्टर लीपर?"

तेव्हा अर्चीच्या डोक्यात पहिला दिवा पेटला. चुकीचा, पण पेटला. ही बाई आल्यापासून प्रत्येक बैठकीत एकच सांगत होती: पाहुण्यांना नुसते ऐकवायचे नाही, अनुभव द्यायचा. म्हणजे हिने गुपचूप वास आणवला होता! आपली परीक्षा चालली आहे, आपण गांगरतो का ते ही पाहते आहे.

"ते तुम्हालाच माहीत, बाई," तो डोळा बारीक करून म्हणाला आणि पाहुण्यांकडे वळला. "मंडळी, हा वेढ्याचा वास! आठ महिने शत्रूने किल्ला वेढला होता. आत माणसं, घोडी, बकऱ्या. दारं बंद. आणखी काही सांगायला हवं का?"

"नको," थोरली म्हणाली.

तेवढ्यात धुक्यातून, अगदी जवळून, एक लांबलचक हंबरडा आला.

टोप्या दचकल्या. अर्ची मात्र जागच्या जागी उभा राहिला आणि त्याचा ऊर भरून आला. टोरी म्हणजे अबर्डीनच्या बंदरापलीकडची कोळ्यांची वस्ती. तिथल्या दीपगृहावर धुक्यात वाजणारा एक मोठा भोंगा असे. सारे गाव त्याला 'टोरीची गाय' म्हणे. अर्ची त्याच आवाजात लहानाचा मोठा झाला होता. भोंगा बंद पडून जमाना लोटला होता. आता हा आवाज ऐकून दुसऱ्या कुठल्याही गावच्या माणसाने म्हटले असते, गाय आहे. अबर्डीनचा माणूस ते म्हणणे शक्यच नव्हते.

"टोरीची गाय!" त्याचा आवाज कापरा झाला. "मंडळी, हा धुक्यातला भोंगा आहे. याच्याच आवाजावर माझे वडील बोट घेऊन घरी यायचे. आई दारात उभी राहून म्हणायची, गाय ओरडतेय तोवर काळजी नाही." त्याने रोनाकडे पाहिले. ध्वनिमुद्रण कुठून मिळवले असेल या पोरीने? ग्लासगोच्या माणसांबद्दल आपण फार वाईट बोलत आलो.

"थँक यू," तो तिला हळूच म्हणाला.

रोनाने कानातले यंत्र जरासे सैल केले.

"ई!" धाकटी प्रोबर्ट ओरडली. "माझ्या मानेला काहीतरी लागलं. ओलं."

"लाटेचे तुषार."

"गरम होते हो!"

"आखाती प्रवाह, बाई," अर्ची क्षणभरही न थांबता म्हणाला. "पार अमेरिकेकडून ऊबदार पाणी येतं आपल्या किनाऱ्याला. नाहीतर आपण सगळे इथे गोठलो असतो."

"जीभ होती," थोरली म्हणाली.

"गप गं, ताई," धाकटी मान पुसत म्हणाली. "सगळीकडे मेला संशय. माणसाने कधीतरी अनुभव घ्यावा."

*यंत्र म्हणते: आता लेडी मार्जरीची कथा. कथा ऐकण्यासाठी हिरवे बटण*

इथे रोनाने यंत्र थांबवले, कारण अर्चीने कथा सुरू केली होती आणि तिला दोन्ही कान हवे होते.

ही कथा अर्चीची खास. लेडी मार्जरीचा नवरा परमुलखात. किल्ल्यात लढायला कोण? एक स्वयंपाकी, एक लंगडा घोडेवाला आणि ती. बाहेर शत्रूची फौज. मग मार्जरीने काय करावे? घरात होते ते चार शर्ट रोज धुऊन रोज वेगळ्या तटावर वाळत घालायला सुरुवात केली. शत्रू खालून मोजी. आज पूर्वेला चार, उद्या उत्तरेला चार, परवा बुरुजावर चार. आत केवढी फौज आहे, कोण जाणे!

"रोज सकाळी," अर्ची आवाज खाली आणत म्हणाला, "शत्रूचा सेनापती तंबूतून बाहेर यायचा, वर बघायचा, आणि काय दिसायचं त्याला?"

वाऱ्याची एक झुळूक आली. धुके हातभर बाजूला झाले.

"शर्ट!" धाकटी किंचाळली.

खरेच शर्ट होते. भिंतीच्या वर, हवेत, हात पसरून एका रांगेत डुलत होते. सकाळच्या उन्हात कुणीतरी दोरीवर घातलेले आणि धुक्याने गाठलेले. पाहुण्यांनी श्वास रोखला. अर्चीनेही रोखला, पण चेहऱ्यावर दाखवले नाही. वास, भोंगा आणि आता शर्टसुद्धा! ही पोरगी साधी नव्हे.

"आणि त्या शेवटच्या शर्टाशेजारी ते काय आहे? ते मोठं?" हॅलिवेलांनी विचारले.

"ती..." अर्चीने मान उंच केली. "ती सेनापतीला घाबरवायला शिवलेली तुमान."

"केवढी आहे!"

"म्हणून तर पळाला."

तेवढ्यात तुमानीमागून एक बाई उगवली. डोक्याला रुमाल, कमरेवर टोपली, तोंडात चिमटे. तिने एक शर्ट ओढून काढला आणि तिला समोर माणसांची रांग दिसली.

"लेडी मार्जरी!" हॅलिवेल म्हणाले आणि त्यांनी टोपी काढली. मग टाळ्या सुरू झाल्या. अगदी थोरली प्रोबर्टसुद्धा टाळ्या वाजवू लागली. तोंडात चिमटे असल्यामुळे बाईला काही बोलता येईना. तिने मान लववली आणि ती धुक्यात मागे सरकली.

"एक मिनिट, मंडळी. भिंतीला टेकू नका," अर्ची म्हणाला आणि नटीला शाबासकी द्यायला भिंतीला वळसा घालून पलीकडे गेला.

पलीकडे:

"काय झकास करता हो बाई! तोंडात चिमटे धरायचं कुणी सुचवलं?"

"सुचवायचं काय त्यात? हात किती आहेत मला?"

"तेही खरंच. कधीपासून करताय हे काम?"

"कुठलं?"

"हेच. शर्ट."

"लग्न झालं तेव्हापासून."

"कंपनीने किती दिवसांचं ठरवलंय?"

"कसली कंपनी? नवऱ्याचे आहेत हे. तुम्ही कोण? आणि ते लोक आमच्या मुरघासाच्या खड्ड्याच्या भिंतीला टोप्या का काढतायत?"

अर्चीच्या पायाखालची जमीन सरकली. खाली पाहिले तर ती जमीन नव्हतीच, शेण होते.

"मुरघासाचा... गुरांच्या आंबवलेल्या चाऱ्याचा..." तो म्हणाला. "आणि किल्ला?"

"किल्ला तिकडे. दोन मैल. तुम्ही अर्ची लीपर ना? टोरीच्या जेसी लीपरचा मुलगा? तुमच्या मेहुण्याचा गुडघा कसा आहे?"

बाईचे नाव इना क्रुकशँक. तिला सगळे समजावून सांगायला अर्चीला फार वेळ लागला नाही, पण तिचे हसू आवरायला लागला. आधी तिने चिमटे बाजूला ठेवले, मग टोपली, मग ती टोपलीवर बसली.

"आणि ती अक्षरं? डी. सी. आणि आय. एस.?" अर्चीने दबक्या आवाजात विचारले.

"डेव्ह आणि मी, माहेरच्या आडनावाची! सिमेंट ओलं होतं, तेव्हा डेव्हने मला तिथेच मागणी घातली. काय सांगितलंत त्यांना?"

"फाशी दिलं त्याला."

"बरं केलंत," इना डोळे पुसत म्हणाली. मग तिने बोट ओले करून वर धरले. "पण पळा आता. वारा फिरलाय. हे धुकं काही टिकत नाही."

अर्ची परत निघाला. वाटेत त्याने एक छोटे भाषण तयार केले. मंडळी, माझी चूक झाली. हा गोठा आहे. ती गाय गाय होती आणि ती जीभ जीभ होती. मग तो भिंतीपाशी आला. हॅलिवेल आपले फाउंटन पेन परत खिशात ठेवत होते, हळूच, देवळातून बाहेर पडताना माणूस पाऊल ठेवतो तसे. धाकटी प्रोबर्ट बदामावर हात ठेवून उभी होती. थोरली तिला म्हणत होती, "चमच्याने, गं. विचार कर. चमच्याने."

भाषण अर्चीच्या घशातच राहिले. रोना त्याच्याकडे एकटक पाहत होती. त्याच्या कपाळावर घाम होता.

"चला, मंडळी," तो म्हणाला. "लवकर. भरती येतेय."

बसमध्ये हेक्टर लोणी लावलेला खारा पाव खात बसला होता.

"हेक्टर, आपण कुठे आहोत?" अर्चीने त्याच्या कानात विचारले.

"किल्ल्यावर."

"गोठ्यात आहोत."

हेक्टरचा घास थांबला. "तरीच. मघापासून कुणीतरी काच चाटतंय."

"गाडी काढ. अबर्डीन. सरळ."

पण सरळ रस्ता किनाऱ्याने होता, आणि इनाचे बोट बरोबर होते. बस चढावर आली तेव्हा धुके फाटले. आधी समुद्र आला, निळाशार. मग कडे आले. आणि मग उन्हात न्हालेला, बुरुज उंचावून बसलेला, पायाशी लाटा फोडणारा डनहेरिक आला.

बसमधल्या सगळ्या माना खिडक्यांकडे वळल्या.

"ते काय आहे?" हॅलिवेलांनी विचारले.

माइक अर्चीच्या हातात होता. खिडकीबाहेर त्याचे बावीस वर्षांचे प्रेम उभे होते. ओळख सांगावी तर नोकरी जाणार होती आणि खोटे सांगावे तर तोंडच उघडत नव्हते.

"ते... नंतरचं..." तो म्हणाला आणि थांबला.

"नक्कल आहे का?" धाकटीने मदत केली.

अर्चीला हो म्हणवेना. मागच्या बाकावरून रोना उठली. बाकांच्या पाठीला अडकवलेल्या कंपनीच्या माहितीपत्रकांवर तोच किल्ला, त्याच उन्हात, त्याच बुरुजांसकट छापलेला होता. ती एकेका पत्रकाजवळून पुढे आली आणि तिने अर्चीच्या हातातून माइक घेतला.

"हो, नक्कल," ती म्हणाली. "मुद्दाम छायाचित्रांसाठी बांधलीय. पत्रकावरही तिचाच फोटो आहे. खरा किल्ला काही फोटोत मावत नाही, हे तुम्ही आज पाहिलंच."

सगळ्यांनी पत्रक पाहिले, बाहेर पाहिले आणि माना डोलावल्या.

"मला वाटलंच," थोरली म्हणाली. "जरा जास्तच किल्ल्यासारखा आहे."

रोनाने माइक बंद केला आणि ती अर्चीच्या शेजारी टेकली.

"बाई," अर्ची पुटपुटला, "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या वासाला. माझे मामा गाई पाळतात. बालपणीच्या सगळ्या सुट्ट्या मुरघास तुडवण्यात गेल्यात माझ्या."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होते. पण माझ्या या कानात यंत्र सांगत होतं की समोर अथांग सागर आहे. गोठ्यात उभं राहून सांगत होतं, आणि त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. तुम्ही भिंतीमागून आलात तेव्हा तुम्हाला घाम फुटला होता." तिने कानातली तार काढून बोटाभोवती गुंडाळली आणि कोटाच्या खिशात टाकली. "निदान लाज वाटणारा माणूस असावा गाडीत."

अर्चीला काय बोलावे ते सुचले नाही. हे हेक्टरने आरशात पाहिले आणि पुढे कितीतरी दिवस बंदरावर सांगितले.

"पुढचं सांगा की, मिस्टर लीपर!" धाकटीने हाक मारली. "मार्जरीचा नवरा परत आला का?"

अर्चीने घसा साफ केला, माइक उचलला आणि तो सांगू लागला. उन्हाची तिरीप आता थेट आत येत होती. थोरल्या प्रोबर्टने डोळे बारीक केले, खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि ऐकायला सावरून बसली. तिच्यामागच्यांनीही आपापले पडदे ओढले. डनहेरिकचा किल्ला पुन्हा दिसेनासा झाला.